बुडावरची अक्षरं

गिरणी बंद होती. कारखान्याची बस बाजारतळाच्या वळणावर आली की पट्ट्याचा आवाज कानावर यायचा आणि मी पिशवी सावरून उठायचो; इतक्या वर्षांत उतरायची जागा मी डोळ्यांनी कधी शोधलीच नव्हती. त्या दिवशी आवाज आला नाही, म्हणून मी बसूनच राहिलो आणि बस आमच्या दारावरून पुढे निघून गेली. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलो. ऊन कललं होतं. गिरणीपुढे डबे रांगेनं मांडलेले होते, बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि कुणी बोलत नव्हतं. श्रीरामपुरात आमच्या गिरणीच्या दारात बायका आहेत आणि गप्प आहेत, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. काय झालं ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तात्या, माझे वडील, आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले होते. कुणाशी तरी बोलत होते, बोलता बोलता थांबले... त्यांना बोलताना मध्येच थांबायची सवय होती, त्यामुळे समोरच्या बाईला वाटलं आता पुढचं वाक्य येईल. माझी धाकटी बहीण इंदू मोटारीपाशी होती. तिनं मोटार बंद केली, त्यांना भिंतीशी आडवं केलं, आणि मी आत आलो तेव्हा पिठानं पांढऱ्या झालेल्या तोंडानं माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलली ते असं : "दादा, जात्यात कदमबाईंचे दाणे निम्मे राहिलेत." मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. आता वाटतं, तात्यांना मरणानंतर दोन शब्द बोलायची मुभा असती तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूनं कुणाला न विचारता मोटार चालू केली. दुष्काळ अजून हटला नव्हता. लोकांच्या घरी रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा तो त्या दिवसापुरता. दळला तरच संध्याकाळी भाकरी. आमची चुलती नेवाशाकडून आली होती, ती म्हणाली, "अगं, बापाची राख अजून गार न्हाई झाली." इंदू पीठ चाळता चाळता म्हणाली, "काकी, राख गार व्हायची वाट लोकांच्या चुली बघतील व्हय?" चुलती ते जाईल तिथं सांगत सुटली. सांगू दे. मीही आज तेच छापून आणतो आहे.

गेल्या काही आठवड्यांत आमच्या घरी भेटायला आलेल्या प्रत्येकानं आधी तात्यांबद्दल चार बरे शब्द बोलून घेतले आणि मग आवाज उतरवून एकच गोष्ट विचारली : आता इंदूचं काय? म्हातारा होता तोवर ठीक होतं, आता तुम्ही कर्ते, तुम्ही काय ठरवलंय? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्याइतका मी बोलका माणूस नाही. साखर कारखान्यात कारकुनी करणारा, खाली मान घालून जाणारा मनुष्य आहे मी. इतकी वर्षं खाली मान घालूनच काय काय केलं तेही पुढे लिहिणार आहे. सगळ्यांना एकदमच उत्तर द्यावं, म्हणून हा लेख. इंदूला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "लिही. पण माझ्या हातांचं लई लिहीत बसू नको. गिरणीचं लिही."

गिरणीचं लिहायचं तर भांड्यांपासून सुरुवात करायला हवी. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत घरोघरी आहे. लग्नाची भांडी असतात, 'सप्रेम भेट' असते, देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याच्या नावापेक्षा ठसठशीत असतं. आमच्या गिरणीवर तर नावाशिवाय डबा ठेवणारीचं पीठ दुसरीच्या घरी गेल्याशिवाय राहत नसे. तात्यांनी मात्र या रीतीला भलतंच वळण दिलं होतं. घरात जे काही घडेल त्याचं एक भांडं आणायचं आणि पेठेतल्या कासाराकडून, तो अक्षरामागे पैसे घ्यायचा म्हणून, अगदी थोडक्यात त्यावर मजकूर घालून घ्यायचा. मला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घंगाळ आलं, त्यावर 'दत्ता चिकटला'. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा परात आली, 'मंगल झाली'. तेलाचं इंजिन जाऊन गिरणीला वीज आली, त्या कळशीवर 'मोटार बसली'. आई गेली तेव्हा नवं काही आणलं नाही. तिचीच कढई कासाराकडे नेऊन तिच्यावर 'हिची' एवढंच घालून आणलं. त्या कढईत भाजी करताना माझी बायको अजूनही पदर सावरते.

हे झालं चांगल्या नाहीतर निदान सांगण्यासारख्या गोष्टींचं. पण तात्या तिथं थांबत नसत. मी मॅट्रिकला पहिल्यांदा बसलो आणि गणितात गेलो. आई रडली, मी दोन दिवस मळ्यात जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर ताटाशेजारी नवंकोरं फुलपात्र. त्यावर 'दत्ता नापास. पुन्हा बसणार.' पास होईपर्यंत मी त्या फुलपात्रातून पाणी प्यायलो, आणि पाहुणे आले की तात्या मुद्दाम तेच त्यांच्यापुढे करायचे. एकदा मी म्हणालो, तात्या, लोक हसतात. ते जात्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावत होते, ती थांबवून म्हणाले, "हसू दे की. झालंय ते झालंय. आपुन लपिवलं की लोकं त्याला पाय लावून गावभर हिंडिवत्यात. आपुनच सांगितलं की मग ते आपलं राहतं." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. पटायला मला फार वर्षं लागली आणि मधल्या काळात त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली.

इंदू माझ्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान. मधली दोन भावंडं राहिली नाहीत, त्यामुळे ती माझ्या मुलीसारखीच वाढली. मंगल आणि ती एकमेकींच्या वेण्या घालायच्या. तिला आम्ही नगरपलीकडे कर्जतच्या बाजूला दिलं. बागाईत नव्हतं, पण विहीर होती, माणसं मोजकी, मुलगा निर्व्यसनी म्हणून सांगितलेला. निर्व्यसनी तो खरंच होता. हे मला नंतर बऱ्याचदा आठवलं, की दारूला दोष देण्याचीसुद्धा सोय त्या माणसानं ठेवली नव्हती. लग्नाच्या हंड्यावर तात्यांनी 'इंदू गेली' घालून आणलं, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले, हे काय अभद्र... "गेलीच की ती," तात्या म्हणाले. "आली की तसं लिहू."

दुष्काळाच्या आधीच्या दिवाळीला ती भाऊबीजेला आली. आल्यापासून दोन्ही हात पदराखाली. तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, शिवाय सणाच्या दळणाची गर्दी नुकतीच संपून ते पाठ धरून पडले होते. त्यांना काही दिसलं नाही. मला दिसलं. ओवाळायला दोन्ही हातांनी ताट उचलावंच लागतं. मी पाटावर बसलो होतो आणि निरांजनाच्या उजेडात ते हात माझ्या तोंडासमोरून गोल फिरत होते. हाताची वरची बाजू, मनगटापर्यंत, दोन्ही हातांची. कातडी ओढलेली, चकचकीत. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "तवा लागला." मी म्हणालो, जपत जा. आणि ताटात ओवाळणी टाकली.

इतकंच. मी पुढचं काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तवा लागला तर तो बोटांना लागतो, एखाद्या हाताला लागतो. दोन्ही हात वरच्या अंगानं सारखेच भाजतात ते कुणीतरी दाबून धरले तर. हे कळायला डॉक्टर लागत नाही. मला ते त्याच पाटावर बसून कळलं होतं. पण मंगल तेव्हा लग्नाची झाली होती, राहुरीकडच्या एका घराशी बोलणी निघाली होती, आणि घरात परत आलेली आत्या असली तर भाचीकडे कोण बघणार, हा हिशेब माझ्या डोक्यात ओवाळणीच्या आधी झाला होता. तात्यांनी अंथरुणावरून विचारलं, "दत्ता, पोरगी बरी हाय ना?" मी म्हणालो, बरी आहे, जरासा तवा लागलाय. दोन दिवसांनी मीच तिला सोडायला निघालो. नगरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. कर्जतची गाडी लागली, मी पिशवी उचलली, तेव्हा ती बाकावरून उठली नाही.

"दादा, आपण हितूनच माघारी फिरलो तर?"

मी म्हणालो, "यंदा मंगलचं बघायचंय. वेड्यासारखं करू नको." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि हसून "बरं" म्हणाली. त्या हसण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मी तिला केळी घेऊन दिली आणि खिडकीची जागा मिळवून दिली. भाऊ म्हणून मी जे केलं ते एवढं.

पुढचा उन्हाळा आला तोवर विहिरी आटल्या होत्या आणि घोडेगावच्या बाजारात बैलांची रांग लांबतच चालली होती. तात्यांना बैल घ्यायचा नव्हता की विकायचा नव्हता. मूळचा नेवाशाकडचा शेतकरी माणूस, बाजारात जाऊन ओळखीच्या माणसांजवळ बसायचं एवढंच त्यांचं काम. तिथं त्यांना इंदूच्या सासरच्या गावचा एकजण भेटला, जोडी विकायला इतक्या लांब आलेला. बोलता बोलता तो म्हणाला, तुमच्या लेकीचे हात भाजलेत तेव्हापासून विहिरीवरून कळशी ओढता येत नाही, म्हणून तिला खाली उतरवतात, ती तळातून वाटीनं पाणी भरून वर देते. तो सहज बोलून गेला असावा. त्या गावात ते सगळ्यांना माहीत होतं. बापाला माहीत नसेल असं त्याला वाटलं नसणार.

तात्या घरी आले, जेवले, मला एका शब्दानं काही बोलले नाहीत. सकाळच्या गाडीनं गेले. डोळ्यानं धड दिसत नव्हतं, कर्जतची पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली असेल. तिकडे काय झालं ते मला इंदूकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्यांनी भांडण केलं नाही. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि जावयाला म्हणाले, "पोरगी नेतो. कशाला ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय, ह्या समद्यांनाबी ठावं हाय. तवा बोलायचं कायच न्हाई." सासू म्हणाली, नेताय तर कायमची न्या. "मंग काय, हप्त्यानं आणून सोडू का?" म्हणाले आणि इंदूची पेटी स्वतः डोक्यावर घेऊन सडकेला लागले. गावातून जाताना हळू चालले, इंदू सांगते. प्रत्येक दारासमोरून, सगळ्यांना दिसावं म्हणून.

परतताना थेट घरी आले नाहीत. आधी पेठेत कासाराकडे गेले. एक पितळी तांब्या घेतला आणि त्याच्या बुडावर अक्षरं घालायला सांगितलं. कासार म्हणाला, बाबा, नाव गळ्यावर घालतात. बुडाला कोण घालतं? फरशीवर घासून झिजून जाईल. तात्या म्हणाले, "झिजलं तर पुन्हा घालू. तू बूडच कर." का, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तो तांब्या त्यांनी घरात ठेवलाच नाही. गिरणीत दळणाला आलेल्यांसाठी पाण्याचा रांजण असे, त्यावर ठेवला. माणूस वरून पाणी पितो तेव्हा तांब्या तोंडावर उपडा होतो आणि बूड समोर येतं. पिणाऱ्याला काही दिसत नाही, पण भिंतीला ओळीनं बसलेल्या सगळ्या बायका ते वाचतात. दुष्काळाच्या उन्हाळ्यात, गिरणीच्या धुळीत, ज्याला त्याला तहान. जो पिईल तो बाकीच्यांना दाखवणार. 'इंदू घरी आली.'

घरी आल्या आल्या त्यांनी तांब्या माझ्या हातात उलटा दिला. "वाच." मी वाचलं. "मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. इंदू दारात उभी होती, पदराबाहेर हात काढून, पहिल्यांदाच. मग तात्यांनी मला जे विचारायचं ते विचारलं. आवाज चढवला नाही, नेहमी दळण किती आलं विचारायचे तसंच.

"तवा कुठं लागतो रं, दत्ता? वरल्या अंगाला? दोन्ही हातास्नी?"

मी तांब्या सुलटा करून खाली ठेवला. त्यानंतर तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. ज्या माणसानं घरातल्या प्रत्येक बऱ्यावाईटाचं भांडं आणलं, त्यानं माझ्या त्या गोष्टीचं भांडं मात्र कधी आणलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं त्यांनी मला माफ केलं. आता तसं वाटत नाही. दुसऱ्याचं कबूल करणं आपल्याला भांड्यावर घालता येत नाही, ते ज्याचं त्यानं कासाराकडे न्यावं लागतं, असं त्यांच्या मनात असावं.

मी मात्र तेव्हा त्या तांब्यालाच वैरी मानला. ऑफिसात लोक आडून विचारायचे, तुमच्या गिरणीत पाणी प्यायला एकदा यायला पाहिजे म्हणायचे. कुणी नवी बाई दळण घेऊन आली की तात्या रांजणाशी तिला तांब्या भरून द्यायचे, आणि ती पिऊ लागली की समोरच्या एखादीला म्हणायचे, "काय लिवलंय त्याच्यावर, जरा वाच गं बाई. माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा नाकावर असायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसायला लागलं होतं तेव्हाही चष्मा घरीच राहिलेला असायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बायकांनीही ती तीन शब्दांची अक्षरं ओळखून पाठ केली होती. एक म्हातारी तर तांब्या हातात घेऊन आधी पालथा करायची, बोट फिरवायची, "आली का इंदू? आली," म्हणायची आणि मगच पाणी भरायची.

राहुरीची मंडळी मंगलला बघायला यायच्या दिवशी मी सकाळी तो तांब्या उचलला आणि कोंड्याच्या पोत्यात खोल खुपसून ठेवला. बायकोला सांगितलं, इंदूला आतच राहू दे. तात्यांनी रांजणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी झटकून पाहुण्यांत येऊन बसले. बोलणी बरी चालली होती. मुलाचा बाप शेताची, उसाची चौकशी करत होता. मग तात्या एकदम आत बघून म्हणाले, "इंदू, पव्हं आण." ती ताटल्या घेऊन बाहेर आली. "ही माझी लेक," तात्या म्हणाले. "सासरी जाळली हुती. म्या माघारी आणली. पव्हं तिनंच केल्यात, खावा."

कुणी खाल्ले नाहीत. पाहुण्यांनी पाणी मात्र घेतलं, दुसऱ्या तांब्यातून. गाडीची वेळ झाली म्हणाले. ते गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा तात्यांवर ओरडलो. तुमच्या हट्टापायी माझी पोर घरात राहील, तुमची राहिली तशी, असं काहीतरी... इंदूसमोर. मंगल न खाल्लेल्या ताटल्या उचलत होती, तिनं एकीतले पोहे तिथंच उभं राहून खाल्ले आणि मला म्हणाली, "बाबा, आत्यानं आणलेली ताटली त्या पाहुण्या बाईनं पायानं सरकवली. तुम्ही बघितलं नाही. मी बघितलं." मी म्हणालो, तू मध्ये बोलू नको. आठवड्यानं घरात एक वाटी आली. 'मंगलचं स्थळ मोडलं. बरं झालं.' ती मी अंगणात भिरकावली. मंगलनं उचलून आणली, चिंचेनं घासली. आज ती नगरला मास्तरणीचं शिकते, वसतिगृहात तीच वाटी घेऊन गेली आहे, आणि मैत्रिणींना दाखवते असं कळलं. वाटीला पोचा आहे, तो माझा.

त्यानंतर बरेच महिने मी तात्यांशी कामापुरतं बोललो. तांब्या दुसऱ्याच दिवशी कोंड्यातून निघून रांजणावर आला होता. इंदू गिरणीत जायला लागली. आधी डबे लावायला, मग चाळायला, मग पट्टा चढवायला. बाईनं चालत्या मोटारीवर पट्टा चढवलेला श्रीरामपूरनं तोवर पाहिला नसावा. पहिले काही दिवस दळण नसलेले पुरुषही बघायला यायचे. तात्या त्यांना म्हणायचे, "बघून झालं का? मंग एक पोतं उचला तिकडचं." पिठानं तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होत, आणि तसे झाले की भाजलेली बाजू कुठली ते ओळखू येत नसे. ती असं काही बोलायची नाही. पण संध्याकाळी हात धुवायला ती मुद्दाम उशीर करते, असं मला कधी कधी वाटायचं. मी विचारलं नाही. न विचारण्याची सवय जुनी होती.

आता तेराव्याचं सांगतो, कारण लोक ज्याबद्दल विचारतात ते तिथं घडलं. जेवणं आटोपली होती. कर्जतहून इंदूचे चुलत सासरे आले होते. धोतर, पांढरी टोपी, बोलायला अगदी मऊ मनुष्य. तात्यांच्या नावानं त्यांनी डोळे पुसले. मग माझ्याजवळ सरकून म्हणाले, "पाव्हणं, म्हातारं मानूस हट्टाचं हुतं, ते असू द्या. आता तुमी शहाणं, शिकल्यालं. पोरगं बदललंय. गळ्यात माळ घातलीया त्यानं. माळकऱ्याच्या हातनं मुंगी मरत न्हाई. बाईमाणसानं जल्मभर गिरणीत पीठ खावं का? उद्याच्या गाडीनं लावून द्या, मी संगतीला हायेच." आजूबाजूला आमचीच माणसं बसली होती. चुलता मान हलवत होता. कुणीतरी म्हणालं, दत्तोपंत करतील बरोबर, ते समजूतदार आहेत.

समजूतदार. मला नगरचा स्टँड आठवला, केळी आठवली. इंदू आतल्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पत्रावळी गोळा करत होती, आणि मला दिसलं की तिनं हात पदराखाली घेतले आहेत. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझं उत्तर तिनं माझ्याआधीच ऐकलं होतं. तिला ठाऊक असलेला भाऊ काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं.

मी म्हणालो, चला, गिरणीकडे जाऊ. त्यांना वाटलं बाजूला बोलायला नेतो आहे. आमच्या मागोमाग निम्मी पंगत आली. मी रांजणातून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. उन्हातून आलेला मनुष्य, त्यांनी मान वर केली, तांब्या तोंडावर धरला आणि गटागट प्यायले. मी समोर उभा होतो. तांब्याचं बूड माझ्यासमोर आलं.

"इंदू घरी आली," मी वाचलं. "पाहुणे, हे माझ्या बापानं लिहिलंय. आणि तो आणायला गेला, कारण मी तिला सोडायला गेलो होतो. हात मला आधीच दिसले होते. यांना सगळ्यांना सांगतो, मला दिसले होते. आता ती कुठंही जायची नाही. तुमच्या गाडीची वेळ झाली असेल."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. टोपी सारखी करून ते निघाले. चुलता नंतर मला म्हणाला, चार माणसांत असं बोलतात का. बोलतात, असं मी म्हणालो. इंदू गिरणीच्या दारापर्यंत आली होती. मला वाटलं ती त्याबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "दादा, तो तांब्या फरशीवर नको ठेवू, लाकडावर ठेवत जा. अक्षरं पार गेलीत बघ."

खरंच गेली होती. बोटाला लागत होती, डोळ्याला जेमतेम. मी जे वाचलं ते पाठ होतं म्हणून वाचलं. दुसऱ्याच दिवशी मी तांब्या घेऊन कासाराकडे गेलो. त्यानं पालथा करून पाहिला आणि म्हणाला, मी म्हातारबाबांना सांगितलं होतं झिजेल म्हणून. गळ्यावर घालू का यंदा? मी म्हणालो, बुडावरच. खोल घाला.

तात्यांचं स्टूल अजून गिरणीत आहे. रविवारी सुट्टी असली की मी त्यावर बसतो. पट्ट्याला हात लावायची मला इंदूची परवानगी नाही, म्हणून बसायचंच काम माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी कुणी नवी सून दळण घेऊन आली, सासूबरोबर, बेलापूरकडची असावी. ऊन होतं. तिला मी तांब्या भरून दिला. तिनं डोक्यावरचा पदर धरून मान वर केली, आणि भिंतीशी बसलेल्या बायकांकडे, मग तिच्या सासूकडे बघून मी म्हणालो, "काय लिहिलंय त्याच्यावर, जरा वाचा हो. मोठ्यानं. माझा चष्मा घरी राहिलाय."